‘उपकार’ हा शब्दच टोचतो

प्रिय मावशी,

मी ४१ वर्षांची आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. आमच्या घरातली ही चौथी ख्रिस्ती पिढी. यजमानांची कारखान्यातली नोकरी दीड वर्षापूर्वी गेली, आता मिळेल ते काम करतात. मी शिवणकाम करते. सासूबाईंना अर्धांगवायू झालाय, उजवी बाजू गेली. मुलीची शाळेची फी आणि सासूबाईंची औषधं दीर भरतात. भरतात आणि चारचौघांत सांगतातही.

रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत यजमान म्हणतात, “प्रत्येकाने देवाचा एकेक उपकार सांगा.” मुलगी सांगते, सासूबाई जमेल तसं काही बोलतात. माझी पाळी आली की घसा बंद होतो. चर्चच्या पाळकबाईंनी एक वही दिली. म्हणाल्या, “शंभर उपकार लिहून काढ, मन हलकं होईल.” दोन लिहिले आणि वही मिटली.

हंगामाच्या सणाला लोकांनी चर्चमध्ये अर्पण करायला बाजरी, कणसं, अंडी, कोंबड्या आणल्या होत्या. मी रिकाम्या हाताने गेले, शेवटच्या बाकावर बसले. भक्तीनंतर त्याच वस्तूंच्या लिलावात दिरांनी एक भोपळा हजार रुपयांना घेतला आणि आमच्याकडे बघून हसले. त्यांचे उपकार मी नाकारत नाही, मावशी, पण घास घेताना ते आठवतात.

रात्री तीनपर्यंत डोळा लागत नाही. साडेचारला पाणी येतं, दिवसाआड. आत्ताही पत्र अर्धं टाकून उठले, तर निम्म्या घागरी यजमानांनी भरून ठेवल्या होत्या. सासूबाईंना भरवायला तासभर जातो, कारण त्या डाव्या हाताने माझा पदर धरून ठेवतात, सोडतच नाहीत. मुलीला चित्रं काढायला कागद हवेत, तर मी तिला पाठकोरी बिलं देते.

चर्चमध्ये गाणी सुरू झाली की मी नुसते ओठ हलवते. आवाज काढला तर खोटं बोलल्यासारखं वाटतं. हे पाप आहे का? मी कृतघ्न आहे का?

– मार्था (नाव बदललं आहे)

प्रिय मार्था,

वयाने मी तुझ्यापेक्षा बरीच मोठी आहे, म्हणून अगं-तुगं करते. राग मानू नकोस.

तुझं पत्र इथे थोडं कमी करून छापलंय. मूळ पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना ‘उपकार’ हा शब्द दिसला की खाली रेघ मारत गेले. सात रेघा झाल्या. त्यांतल्या पाच दिरांच्या, देवाच्या दोनच. तुझी गाठ मला तिथे सापडली.

आपल्या मराठीत हा शब्द जड आहे गं. उपकाराचं ओझं असतं, उपकाराखाली माणूस दबतो, उपकार फेडावे लागतात, फेडता आले नाहीत तर मिंधेपणा येतो. दीड वर्ष तू हे सगळं अंगावर वागवते आहेस. आणि संध्याकाळी प्रार्थनेला बसलं की तोच शब्द पुन्हा समोर येतो. देवाच्या जागी तुला दीर दिसत असतील, हातात भोपळा घेऊन हसणारे. घसा बंद होणार नाही तर काय होईल?

नव्या कराराच्या ग्रीकमध्ये आपल्या ‘उपकारस्तुती’साठी, म्हणजे देवाचे आभार मानण्यासाठी, युखारिस्तिया हा शब्द आहे. त्याच्या पोटात खारिस आहे, म्हणजे कृपा. जिची किंमत लावलेली नाही आणि जी परत मागितली जाणार नाही, अशी देणगी. लूकच्या शुभवर्तमानाच्या १७ व्या अध्यायातले, येशूने बरे केलेले दहा कुष्ठरोगी आठव. एकच परत आला, तोही शोमरोनी, म्हणजे परका मानला जाणारा. येशूने विचारलं, बाकीचे नऊ कुठे आहेत? त्याला वाईट वाटलं असणार. पण त्या नऊ जणांचं बरं होणं त्याने काढून घेतलं नाही. परत न आलेल्यांची कातडीही शुद्धच राहिली. तुझे दीर वर्षातून किती वेळा आठवण करून देतात ते तूच लिहिलं आहेस. देव त्यांच्यासारखा नाही. हे तुला डोक्याने ठाऊक आहे, पण पोटात उतरायला वेळ लागेल. लागू दे.

म्हणून आधी दिरांचं बघू. ही गोष्ट प्रार्थनेने सुटेल असं मी म्हणणार नाही, तिच्यासाठी हिशेब मांडावा लागेल. सासूबाई त्यांचीही आई आहे. आईच्या औषधाचे पैसे भरणं हे त्यांचं कर्तव्य आहे, भावजयीवर उपकार नव्हे. उलट त्यांच्या आईला रोज तासभर भरवणारी तू आहेस, आणि त्याचा हिशेब कोणी ठेवलेला दिसत नाही. औषधांचा आकडा या खात्यातून काढून टाक. राहिली मुलीची फी. ती मदत खरी आहे. ती किती झाली ते लिहून काढा आणि यजमानांना भावाशी बोलू दे. बोलायचं त्यांनीच, तू नाही. एवढे झाले, दर महिन्याला एवढे परत करू, मग ते दोनशे रुपये का असेनात. त्याच वेळी दिरांचे आभार एकदा नीट, तोंडाने माना. त्यानंतर घासागणिक मानायचे नाहीत. माणसाचं देणं मोजता येतं, फेडताही येतं. ते एकदा आकड्यात आलं की देवाच्या नावाशी त्याची सरमिसळ कमी होईल.

आता ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ या वचनाबद्दल. तुझ्या पत्रात ते आहे आणि पुढे तू लिहिलंस, “नोकरी गेली त्याबद्दल आभार कसे मानू?” मानू नकोस. पहिल्या थेस्सलनीकाकरांस पत्राच्या ५:१८ मध्ये ‘स्थितीत’ आहे, ‘स्थितीबद्दल’ नाही. आपल्या शेजारच्या पुणे जिल्ह्यात केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. तरुणपणी दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली. लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पती कॉलऱ्याने गेले. १८९६–९७ च्या दुष्काळात याच बाईने मध्य प्रांतातून उपाशी मुली गोळा करून आणल्या, केडगावला विहिरी खणल्या. त्यांच्या प्रार्थनेच्या ताकदीबद्दल आपल्या मंडळ्यांत नेहमी बोललं जातं. पण दुष्काळ ही चांगली गोष्ट असती तर त्यांना विहिरी खणायची गरज नव्हती.

रडण्याचंही तसंच. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि अभ्यासक त्यांतली एक तृतीयांशाहून जास्त विलापाची धरतात. १३ वं स्तोत्र ‘कोठवर’ म्हणत सुरू होतं. ८८ वं तर अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एक ओळही नाही, तरी ते पवित्र शास्त्रातून कोणी काढून टाकलं नाही. आपल्या भक्तीत मात्र आपण १०३ वं म्हणतो, ‘त्याचे सर्व उपकार विसरू नको’, आणि ८८ वं क्वचितच वाचतो. मला हे बरोबर वाटत नाही. विलाप गाळून नुसती स्तुती करायला लावली की तुझ्यासारख्या खऱ्या बायका मुक्या होतात. ज्या रात्री येशूला धरून देण्यात आलं त्या रात्री त्याने भाकर घेऊन उपकारस्तुती केली. त्याच रात्री, काही तासांतच, गेथशेमाने बागेत त्याने हा दुःखाचा प्याला टळो म्हणून विनवणी केली. प्रभुभोजनाच्या वेळी आपण पहिली गोष्ट वाचतो, पण दुसरी त्याच रात्रीची आहे.

तेव्हा आजपासून संध्याकाळी तुझी पाळी आली की आधी तक्रार सांग. एकच, खरी, थोडक्यात. “देवा, आज कंबर मोडली.” यजमान दचकतील. त्यांना हे पत्र वाचायला दे. त्यानंतर उपकार सापडला तर सांग, नाही सापडला तर ‘आमेन’ म्हण.

आणि शंभर नकोत गं. पाळकबाईंचा हेतू चांगला होता, त्यांच्यावर रागावू नकोस. पण थकलेल्या माणसाला शंभरचा आकडा म्हणजे आणखी एक थकबाकी. रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने पाठवलेलं अन्न, मिळाला तो रोजच्यापुरता, माणशी एक ओमर, म्हणजे एक माप. शब्बाथासाठी, म्हणजे विसाव्याच्या दिवसासाठी, आदल्या दिवशी दुप्पट, तेवढाच अपवाद. इतर दिवशी ज्यांनी सकाळपर्यंत ठेवला त्यांच्या मान्नाला किडे पडले. प्रभूच्या प्रार्थनेत आपण म्हणतो, ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’. वर्षाची कणगी भरून दे असं म्हणत नाही. आभारही तेवढेच असू देत, आजच्या एका भाकरीपुरते.

माझं सांगते. माझे यजमान गेले त्यानंतर कित्येक महिने मी ओट्याशी उभ्यानेच जेवायचे. पातेल्यातून थेट. लोकांना वाटायचं, एकटीसाठी ताट कशाला घ्या म्हणून. खरं कारण वेगळं होतं. ताट घेऊन बसलं की जेवणाआधीची प्रार्थना करावी लागते, आणि ती नेहमी ते करायचे. उभ्याने खाल्लं तर ते जेवण नाही, जेवण नाही तर प्रार्थना नाही. असं मी देवाला चुकवत होते. एकदा भाची राहायला आली. तिने दोन ताटं वाढली, पिठलं आणि भाकरी, आणि म्हणाली, “मावशी, बस.” बसले. डोळे मिटले, पण त्यांची प्रार्थना काही आठवेना. तोंडातून एवढंच आलं, “देवा, आज कोणीतरी वाढलं.” त्या दिवशी मला बरं वाटलं, असं नाही. मी तेवढं एकच वाक्य खरं बोलले होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा ताट घेतलं.

तुझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही असं तू लिहितेस. तुझं पत्र पुन्हा वाचून बघ. मध्येच पाणी आलं म्हणून उठलीस, तर निम्म्या घागरी भरलेल्या होत्या. नोकरी गेलेला माणूस, ज्याला भावासमोर मान खाली घालावी लागते, तो साडेचारच्या आधी उठून गुपचूप घागरी भरतो. तू ते एका ओळीत सांगून पुढे गेलीस. हे देवाला सांगायच्या आधी यजमानांना सांग. “मी बघितलं,” एवढंच म्हण. त्यांनाही कोणीतरी आपल्याकडे बघितलेलं हवं असेल.

आणि सासूबाईंचा पदर. तू तो तक्रारीत लिहिलास, आणि ती तक्रार रास्त आहे. तासभर एका जागी बसून पाठीला रग लागते, बाजूला शिवायचं काम पडून राहतं. मी त्या बाईंच्या बाजूने बघितलं. एकच हात उरलाय आणि तो तुझा पदर धरतो. यात उपकार शोध असं मी म्हणत नाही. फक्त पुढच्या वेळी भरवताना त्या हाताकडे बघ. काही वाटलं तर वाटलं.

रात्री तीनपर्यंत झोप नाही हे मात्र मला काळजीचं वाटतं. ही झोप विश्वास कमी पडल्यामुळे गेलेली नाही. पहिल्या राजांच्या १९ व्या अध्यायात एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा लोटा देतो, झोपू देतो, मग उठवून पुन्हा खायला घालतो. तुझ्या गावच्या सरकारी दवाखान्यात जा आणि झोपेचं स्पष्ट सांग. बाहेर पडायला जमत नसेल तर टेलिमानस ही सरकारी फोनसेवा आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट. मराठीत बोलता येतं. आठवड्यातले दोन दुपारचे तास सासूबाईंजवळ बसायला मंडळीतलं कोणी येईल का, हे पाळकबाईंना विचार. वहीपेक्षा ती मदत तुला जास्त उपयोगी पडेल, आणि त्याही आनंदाने करतील असं मला वाटतं.

राहिला ओठांचा प्रश्न. पाप आहे का, विचारलंस.

पहिल्या शमुवेलाच्या पहिल्या अध्यायातली हन्ना बघ. वर्षाचा सण, सगळं कुटुंब शिलोला गेलेलं, यज्ञाचे वाटे ताटात पडताहेत. हन्नाला मूल नाही, आणि जिच्याकडे भरपूर आहे ती तिची सवत पनिन्ना तिला टोचून टोचून बोलते आहे. हन्ना रडते, जेवत नाही. तुझा हंगामाचा सण आणि तो भोपळा वाचताना मला तीच आठवली. मग ती मंदिरात जाते आणि प्रार्थना करते. तिचे ओठ हलत होते, पण आवाज ऐकू येत नव्हता. एली याजकाला वाटलं, ही दारू प्यायली आहे. त्याची समजूत चुकली होती. देवाने ती प्रार्थना ऐकली. हन्नाचं मोठं स्तुतिगीत, जे आपण भक्तीत वाचतो, ते पुढच्या अध्यायात आहे. मधल्या काळात बाळ झालं, त्याचं दूध तुटलं. तोवर तिने गायलं असं कुठे लिहिलेलं नाही, आणि कोणी तिला विचारलंही नाही.

येत्या रविवारी ओठच हलव. शेवटच्या बाकावर बसायचं असेल तर तिथेच बस. आणि ती वही, जिच्यात दोनच ओळी आहेत, तिचं पहिलं पान फाडून घे आणि बाकीची मुलीला देऊन टाक. तिला चित्रांना कागद हवेत.

तुझी,
मावशी