बाराखडी तोंडपाठ, पण शब्द वाचता येत नाही

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा पहिलीत आहे, बाराखडी घडाघडा म्हणतो, पण साधा शब्द पुढं ठेवला की गप्प बसतो, मग घरी काय करावं? आमच्या घरी दोन वर्षांपूर्वी हेच झालं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आम्ही लातूरजवळच्या एका गावात राहतो, माझी पिठाची गिरणी आहे.

माझी मुलगी पुस्तकाचं पान बोट फिरवत वाचायची. आम्ही खूश. एक दिवस मी चित्रावर हात ठेवला, तर तिचा आवाजच बंद झाला. पान पाठ होतं, चित्र बघून म्हणायची. मग ‘कु’वर बोट ठेवून हे काय म्हणून विचारलं, तर तिनं ‘क का कि की’पासून सुरू केलं आणि ‘कु’पाशी येऊन थांबली. बाराखडी तिच्यासाठी गाणं होतं. गाण्यातला मधलाच शब्द विचारला तर आपल्यालाही पहिल्यापासून म्हणावं लागतं की! तरी त्याआधी दोन महिने मी तिला रोज संध्याकाळी तीच बाराखडी घोकायला लावत होतो, रागावतही होतो. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

मग आम्ही पाचच अक्षरं धरली: क, म, न, ल, र. सोबत फक्त काना. एवढ्यातच कान, नाक, मका, काम, माल, लाल, राम, काका, मामा, नाना असे किती तरी शब्द होतात, आणि सगळे त्याच्या रोजच्या बोलण्यातले. शब्द लागला की अर्थ लगेच समोर उभा राहतो, त्यातच मुलाला गोडी लागते. गिरणीवर दळणाचे डबे येतात, त्यांवर नावं कोरलेली असतात. एका डब्यावर ‘कमल’ होतं. त्या कोरलेल्या रेघांवरून बोट फिरवत तिनं वाचलं, तो तिनं स्वतःहून वाचलेला पहिला शब्द. तुमच्याही फडताळात नावं घातलेली भांडी असतीलच, तिथून सुरुवात करा.

वाचताना ‘कऽऽ मऽऽ लऽऽ’ असं लांबवू देऊ नका. आपण ‘कमल’ म्हणताना शेवटचा ल तोडून बोलतो, पण पाठांतरात प्रत्येक अक्षर पूर्ण म्हणायची सवय लागलेली असते, म्हणून अक्षरं ओळखूनही शब्द जुळत नाही. तुम्ही एकदा हळू, एकदा भरभर म्हणून दाखवा. पहिल्या वेलांटीलाही मुलं अडतात. ‘गिरणी’त ती डोळ्यांना ग च्या आधी दिसते, पण ऐकू येते नंतर. आधी ग वर बोट, मग वेलांटीवर, असं चारदोन दिवस केलं की बसतं. म-भ, घ-ध, प-ष या जोड्या एकाच आठवड्यात शिकवू नका. जोडाक्षरांची तर आत्ता घाईच नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडं घरात ‘पानी’ म्हणतात, पुस्तकात ‘पाणी’ असतं. मुलानं ‘पाणी’ बघून ‘पानी’ म्हटलं तर त्यानं बरोबर वाचलं, असं समजा. अक्षरं ओळखली, शब्द जुळवला, अर्थ लागला, अजून काय पाहिजे? तिथं ‘पानी नाही, पाणी!’ म्हणून अडवलं तर पोराला वाटतं, आपलं वाचणंच चुकलं, आपल्या आजीचं बोलणंही चुकीचं. ण पुढं ऐकून ऐकून येतो. मी हे अडवणं सोडलं, तेव्हापासून मुलगी मोठ्यानं वाचायला लागली.

वेळ पंधरा मिनिटं पुरे, पण रोज. कंटाळला की तिथंच थांबा. रात्री झोपताना मात्र तुम्ही त्याला गोष्ट वाचून दाखवा, त्यातलं काही विचारू नका. पुस्तकं विकत घेणं जमत नसेल तर प्रथम बुक्स या प्रकाशनाच्या स्टोरीवीव्हर वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत, पहिल्या पातळीच्या घ्या. बालभारतीची पुस्तकंही मोबाइलवर फुकट उतरवून घेता येतात.

बाहेर पडलात की पाट्या वाचायला लावा. लातूरच्या स्टँडवर आमची पोरगी एका एसटीच्या पाटीपुढं उभी राहिली अन् ओरडली, ‘‘बाबा, हे तर औषधाचं औ!’’ पाटी औश्याची होती. वर्षभर नुसतं म्हटलेलं अक्षर तिला पहिल्यांदाच कामाला आलेलं दिसलं. गाडी सुटेपर्यंत ती ‘औसा, औसा’ म्हणत होती.

तुमच्या मुलाला आडवी-तिडवी विचारली तर कोणती अक्षरं नक्की ओळखता येतात, तेवढं बघून इथं लिहा. त्यावरून पहिल्या आठवड्याचे शब्द मी काढून देतो.