जाता जाता वाकडं नको

वाचकांचे प्रश्न : न आवडणारी नोकरी सोडताना

नोकरीत चार वर्षं झाली. कामात मन नाही, साहेबांशी पटत नाही. दुसरीकडे निवड झाली आहे. राजीनामा कसा द्यावा आणि त्यात खरं कारण लिहावं का?

‘निवड झाली’ म्हणजे नेमकं काय झालं, ते आधी बघा. ‘तुमचं पक्कं समजा’ असं फोनवर कुणी म्हणणं म्हणजे नियुक्ती नव्हे. पद, पगार आणि रुजू होण्याची तारीख असलेलं पत्र हातात हवं. त्यात आधीच्या नोकरीच्या पडताळणीची किंवा वैद्यकीय तपासणीची अट असेल, तर ती पार पडेपर्यंत इकडे तोंड उघडू नका.

मग पहिल्यांदा साहेबांना सांगा. शेजारच्या टेबलावरच्या मित्रालासुद्धा त्यांच्या आधी नको. साहेबांना बातमी दुसऱ्याकडून कळली, की राजीनाम्यापेक्षा तोच राग मोठा होतो. १५ मिनिटं वेळ मागा, दार बंद करा आणि तीन वाक्यं बोला : ‘मी दुसरीकडे रुजू व्हायचं ठरवलं आहे. नोटीस पीरियड धरून माझा शेवटचा दिवस ९ ऑगस्ट येतो. तोवर माझं काम कुणाकडे द्यायचं, ते ठरवूया का?’ तिसरं वाक्य गाळू नका. तुम्ही बोलत असताना साहेबांच्या डोक्यात ‘आता हे काम कोण करणार’ हेच फिरत असतं, आणि त्या प्रश्नामुळे बोलणं ‘का सोडताय’वरून ‘कसं सोडताय’वर येतं.

तरीही ‘का?’ विचारतीलच. ‘पुढे मला ज्या प्रकारचं काम करायचंय, ते तिथे मिळतंय’ एवढं सांगा. हे खरं आहे, फक्त सगळं नाही. घरच्या आजारपणाची वगैरे थाप मारू नका. महिनाभरात लिंक्डइनवर नवं पद झळकतं आणि थाप उघडी पडते.

बोलणं झाल्यावर त्याच दिवशी मेल करा. मजकूर एवढाच पुरे :

‘मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे. नियुक्तिपत्रातील अटीनुसार नोटीस पीरियड ६० दिवसांचा असून माझा कामाचा शेवटचा दिवस ९ ऑगस्ट असेल. या काळात माझ्याकडील काम आपण सांगाल त्या व्यक्तीकडे सोपवेन. हे पत्र मिळाल्याचे कळवावे, ही विनंती.’

तक्रारीची एक ओळही यात नको. हे पत्र तुमच्या फाइलमध्ये राहतं. काही वर्षांनी तुमच्याविषयी चौकशी आली, तर ते उघडणाऱ्या माणसाला साहेब कसे होते हे ठाऊक नसतं; त्याला फक्त तुमची भाषा दिसते. मनातलं लिहून काढायचंच असेल तर वहीत लिहा. मेलमध्ये नको, तिथे ‘पाठवा’चं बटण फार जवळ असतं.

याला एक अपवाद. छळ, थकवलेला पगार, जिवाला धोका होईल असं काम, या गोष्टी गोड निरोपाखाली झाकायच्या नसतात. त्यांची तक्रार वेगळी, लेखी, तारखांसह आणि शक्यतो राजीनाम्याच्या आधी करावी.

शेवटचा दिवस नेमका कसा मोजायचा? नव्या ठिकाणी लवकर बोलावत आहेत.

नियुक्तिपत्र उघडा आणि ‘दिवस’ लिहिलंय, ‘महिना’ लिहिलाय की ‘कामाचे दिवस’, ते पाहा. नेहमीची पद्धत अशी की राजीनाम्याचा दिवस सोडून दुसऱ्या दिवसापासून मोजायचं. १० जूनला पत्र दिलं आणि अट ६० दिवसांची असेल, तर जूनचे २०, जुलैचे ३१ आणि ऑगस्टचे ९ मिळून ९ ऑगस्ट येतो. ५ फेब्रुवारीला पत्र दिलं असेल तर ‘एक महिना’ ५ मार्चला संपतो, पण ‘३० दिवस’ ७ मार्चला (लीप वर्ष नसेल तर). ‘३० कामाचे दिवस’ असतील, तर पाच दिवसांच्या आठवड्याने सहा आठवडे होतात. हा फरक नव्या कंपनीला तारीख देण्याआधी कळायला हवा. तारीख दिल्यावर कळला, तर दोन्हीकडे शब्द जातो.

मुदत कमी करून घ्यायचे मार्ग मोजके आहेत : शिल्लक रजा त्यात धरून घेणं, उरलेल्या दिवसांचा पगार भरणं किंवा साहेबांनीच आधी सोडणं. तिन्हींना लेखी होकार लागतो. ‘काम सोपवून झालं की सोडतो तुला’ असं तोंडी ठरलं असेल, तर संध्याकाळी ‘आज ठरल्याप्रमाणे शेवटचा दिवस २५ जुलै, हे बरोबर ना?’ असा मेल टाका. नोटीस पीरियडमध्ये घेतलेली रजा काही ठिकाणी मुदत तेवढीच पुढे ढकलते, म्हणून रजेआधी नियम विचारा.

राजीनामा देऊन आठ दिवस झाले. साहेब मेलला उत्तरच देत नाहीत; समोर विषय काढला की ‘बघू’ म्हणतात.

उत्तर आलं नाही म्हणून दिवस मोजायचे थांबत नाहीत, पण मेल पोचल्याचा पुरावा तुमच्याकडे हवा. त्याच मेलला उत्तर म्हणून दुसरा मेल लिहा, या वेळी मनुष्यबळ विभागाला धरून : ‘१० जूनच्या राजीनाम्याच्या संदर्भात, शेवटचा दिवस ९ ऑगस्ट आहे. काम कुणाकडे सोपवावे ते कळवावे.’ नवं पत्र देऊ नका. त्यावर नवी तारीख पडते आणि लोक तिथून मोजायला लागतात. त्यानंतरही शांतताच असेल, तर आठवड्याला एक छोटा मेल पुरे. रोज मागे लागलात की साहेबांना अडून बसायला निमित्त मिळतं.

काम सोपवताना नेमकं काय द्यायचं? माझ्या जागी अजून कुणी आलेलंच नाही.

चांगल्या-वाईट निरोपाचा निकाल खरं तर इथे लागतो. तुम्ही चार वर्षं काय केलंत हे लोक विसरतात. तुम्ही गेल्यावर पहिल्या महिन्यात काय अडलं, ते मात्र नीट लक्षात ठेवतात.

पहिली चूक म्हणजे शेवटच्या आठवड्यात बसून सगळं लिहिणं. तुमची निम्मी कामं तेव्हा आठवतच नाहीत, कारण ती महिन्यातून किंवा तिमाहीतून एकदाच येतात. राजीनाम्याच्या दिवसापासून एक तक्ता उघडा ठेवा आणि काम हाताखालून जाईल तसं लिहीत जा. मग कॅलेंडर आणि पाठवलेले मेल वर्षभर मागे जाऊन चाळा. विसरलेली कामं तिथे सापडतात.

तक्त्यात सहा रकाने करा : काम, किती दिवसांनी, पुढची तारीख, फाइल कुठे, कुणाशी बोलायचं, आणि कुठे अडतं. शेवटचा रकाना बहुतेक लोक ठेवतच नाहीत, आणि खरी किंमत त्याचीच. एक ओळ अशी दिसावी :

‘मासिक विक्री अहवाल. दर महिन्याच्या ३ तारखेला, ११ वाजेपर्यंत. पुढचा ३ ऑगस्टला. सामायिक फोल्डर, “अहवाल”. आकडे लेखा विभागाकडून येतात. अडतं ते इथे : परत आलेल्या मालाचे आकडे दुसऱ्या शीटमध्ये असतात, ते वजा करायचे राहिले की बेरीज फुगते. ३ तारखेला सुट्टी असेल तर आकडे आदल्या दिवशी मागून घ्यावे लागतात.’

‘विक्री अहवाल करणे’ एवढंच लिहिलेला तक्ता कुणाच्या उपयोगाचा नाही.

बदली माणूस मिळाला असेल, तर आधी त्याला तुमच्या शेजारी बसून पाहू द्या. पुढच्या फेरीला त्याला करू द्या आणि तुम्ही पाहा. शेवटचे आठ-दहा दिवस तुमचा हातच लागायला नको. हात बाहेर काढला की तक्त्यात काय सुटलंय ते लगेच दिसतं, आणि तेव्हा सांगायला तुम्ही अजून तिथेच असता. माणूस मिळाला नसेल, तर साहेबांना ‘तोवर हे कुणाच्या नावावर ठेवू?’ असं विचारून प्रत्येक ओळीपुढे एक नाव घाला. नाव मिळालं नाही तर ‘अजून ठरलेलं नाही’ असं लिहून तक्ता साहेबांना पाठवा. कोरी जागा तुमच्या निष्काळजीपणाची दिसते, लिहिलेली जागा त्यांच्या निर्णयाची.

हमखास सुटणारी गोष्ट म्हणजे तुमच्या खात्यावर चालणाऱ्या गोष्टी. आपोआप जाणारे अहवाल, तुम्ही बोलावलेल्या दर आठवड्याच्या बैठका, तुमच्या मालकीच्या सामायिक फाइली, तुमच्या फोनवर ओटीपी येणारं एखादं पोर्टल. खातं बंद झालं की यातलं बरंच काही कुणाला न कळता थांबतं किंवा अनाथ होऊन पडतं. प्रत्येकाची मालकी शेवटच्या आठवड्याच्या आधीच दुसऱ्याच्या नावे करा, म्हणजे बिघडलं तर दुरुस्तीला वेळ उरतो.

राजीनामा दिल्यावर पगार वाढवून देतो म्हणाले. थांबावं का?

पगार कमी म्हणून निघाला असतात, तर विचार करण्यासारखं होतं. काम आवडत नाही म्हणून निघालात. वाढीव पगारात तेच काम, तेच साहेब आणि वर ‘हा जाणारच होता’ हा शिक्का. शिवाय लोक म्हणतात, खुंटा हलवून बळकट करून घेतला. आभार माना, ‘निर्णय पैशावरून नव्हता’ म्हणा, आणि दुसऱ्या दिवसावर टाकू नका. ‘विचार करून सांगतो’ म्हटलंत की घासाघीस सुरू होते आणि शेवटी नकार दिल्यावर कटुता दुप्पट.

जाताना मुलाखत घेणार आहेत. साहेबांबद्दल खरं सांगावं का?

तिथलं बोलणं गुपित राहील, असं धरून चालू नका. माणसाबद्दल बोलण्याऐवजी कामाच्या पद्धतीबद्दल बोला, आणि बदलता येईल असंच सांगा. ‘साहेब कुणाचं ऐकत नाहीत’ याने काही बदलत नाही. ‘कामाचा अग्रक्रम आठवड्यात तीनदा बदलायचा, आठवड्याला एकदा लेखी ठरला तर बरं’ हे कुणी तरी टिपून घेईल. दोन मुद्दे पुरेत. गेल्या चार वर्षांच्या शिळ्या कढीला ऊत आणायला ही जागा नाही.

लॅपटॉप परत करण्याआधी काय करावं?

खरं तर राजीनाम्याच्या आधीच करावं, कारण काही ठिकाणी पत्र दिल्यावर तासाभरात खातं बंद होतं. पगाराच्या पावत्या, करासंबंधीची कागदपत्रं, नियुक्तिपत्र, पगारवाढीची पत्रं आणि शिल्लक रजेचा आकडा, हे तुमचं स्वतःचं आहे; ते उतरवून घ्या. बँक, लिंक्डइन किंवा विम्याला ऑफिसचा मेल वा नंबर जोडलेला असेल तर बदला, नाहीतर पासवर्ड विसरलात त्या दिवशी ओटीपी बंद खात्यावर जाईल. ब्राउझरमध्ये साठवलेले खासगी पासवर्ड पुसा.

ग्राहकांची यादी, दरपत्रकं, तुम्ही स्वतः बनवलेली सादरीकरणं मात्र कंपनीची असतात. ती स्वतःच्या मेलवर पाठवलीत तर नोंद राहते, आणि बाकी सगळं सुरळीत झालेला निरोप या एका गोष्टीवरून बिघडतो. कामाच्या फाइली पुसूनही टाकू नका. ‘आवरून ठेवलं’ असं तुम्हाला वाटतं, समोरच्याला ते नासधूस वाटतं.

वस्तू परत देताना एकेकीची पोच घ्या : लॅपटॉप, चार्जर, ओळखपत्र, किल्ल्या. हिशेब बहुतेक वेळा एखाद्या चार्जरवरूनच अडून राहतो.

सोडून महिना झाला, तरी जुन्या ऑफिसातून फोन येतात. किती दिवस उत्तरं द्यायची?

‘अमुक फाइल कुठे आहे’ याला दोन-तीन आठवडे संदेशावर उत्तर द्यायला हरकत नाही. फोन उचलण्यापेक्षा संदेश बरा, म्हणजे तेच पुन्हा विचारलं जात नाही. ‘जरा करून दे ना’ म्हटलं तर मात्र नाही म्हणा. नव्या नोकरीच्या करारात बाहेरचं काम करायला बहुतेकदा बंदी असते, आणि जुन्या ठिकाणी आता तुम्हाला अधिकारही नसतो. चूक झाली तर ती कुणाच्या नावावर टाकायची, हा वाद त्यातून उभा राहतो. ‘तक्त्यात १४व्या ओळीत आहे, तिथे अडलं तर कळव’ एवढं उत्तर द्या.