शंका-समाधान : पाटी स्वतःबद्दल बोलते तेव्हा

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या भिंतीवर ऑइलपेंटने रंगवले आहे, ‘या भिंतीवर काहीही लिहू नये.’ हा तर्कशास्त्रातला विरोधाभास म्हणायचा का? आणि वाक्याने स्वतःबद्दल बोलायचेच नाही असा नियम केला, तर ‘हे वाक्य खोटे आहे’ची कटकट मिटेल का?
– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : पाटीत विरोधाभास नाही. ती आज्ञा आहे. आज्ञा पाळतात किंवा मोडतात, ती खरी-खोटी ठरत नाही. इथे रंगवणाऱ्यानेच मोडली, एवढेच. पुण्याला त्याचे नवल नसावे.

‘हे वाक्य खोटे आहे’ खरे धरले तर ते खोटे ठरते, खोटे धरले तर खरे, ही ती कटकट. नियमाने मात्र ती मिटणार नाही. स्वतःबद्दल बोलणारी कितीतरी वाक्ये निरुपद्रवी असतात. ‘या वाक्यात पाच शब्द आहेत’ हे मोजून पाहा, खरे आहे. अक्षरांचे करायचे तर ‘या वाक्यात … अक्षरे आहेत’ असा सांगाडा घ्या. जोडाक्षर एकच धरले तर यात दहा अक्षरे आहेत. मधे ‘अकरा’ घातले की एकूण तेरा होतात, ‘तेरा’ घातले की बारा. ‘बारा’ घाला, चपखल बसते. जोडाक्षरे फोडून मोजणाऱ्यांचा सांगाडा बारा अक्षरांचा, त्यांना ‘चौदा’ लागू पडते. मोजायची रीत आधी ठरवून घ्या, नाहीतर वाद भलत्याच गोष्टीवर होतो.

आता पाच शब्दांच्या त्या वाक्याला नकार जोडा : ‘या वाक्यात पाच शब्द आहेत असे नाही.’ शब्द झाले सात, म्हणजे हेही खरे! वाक्य खरे आणि त्याचा नकारही खरा, हे कसे? नकार जोडताच ‘या’चे बोट नव्या वाक्याकडे वळले, म्हणून. खरा नकार करायचा तर जुने वाक्य अवतरणचिन्हांत ठेवून त्याच्याबद्दल बोलावे लागते. बहुतेक जण इथेच फसतात.

बिघाड व्हायला स्वतःकडे वळलेले बोट पुरत नाही. सोबत बहुतेकदा नकार लागतो आणि भाषेला स्वतःच्याच वाक्यांना खरे-खोटे म्हणता यावे लागते. ‘हे वाक्य खरे आहे’ यात नकार नाही, म्हणून ते खरे धरा की खोटे, काहीच अडत नाही. ठरवायला आधार तेवढा नाही. शिवाय तुमचा नियम चुकवणे सोपे आहे. कागदाच्या पुढच्या बाजूला ‘मागचे वाक्य खरे आहे’ लिहा, मागच्या बाजूला ‘पुढचे वाक्य खोटे आहे’. दोन्हींपैकी एकही स्वतःबद्दल बोलत नाही, तरी पेच तसाच.

तर्कशास्त्रज्ञ तार्स्कीने १९३०च्या दशकात दाखवले की गणिती भाषेच्या वाक्यांची सत्यता त्याच भाषेत सांगायला जाऊ नये, त्यासाठी वरची, म्हणजे तिच्याबद्दल बोलणारी वेगळी भाषा घ्यावी. गणितात हे छान चालते. मराठीला वरची मराठी कुठून आणणार? तत्त्वज्ञ क्रिपकेने १९७५मध्ये अशा वाक्यांना ‘ना खरे ना खोटे’ राहू दिले. पण मग ‘हे वाक्य खरे नाही’ घ्या : ते ना खरे ना खोटे असेल तर खरे नाही, आणि तेच तर ते म्हणते आहे. फुकटचा उपाय अजून कोणाकडे नाही.

प्रश्न : अनुभव ‘शब्दांत सांगता येत नाही’ असे म्हणणे, हे त्याबद्दल काहीतरी सांगणेच नाही का? आपल्याकडे कोणी याचा विचार केला होता का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : संस्कृत व्याकरणकार भर्तृहरीने केला, आपल्या ‘वाक्यपदीय’ या ग्रंथाच्या तिसऱ्या कांडातील ‘संबंधसमुद्देश’ या प्रकरणात. ‘अवाच्य’ (शब्दांत न सांगता येणारे) या शब्दाने जे सांगितले ते वाच्यच झाले, ही अडचण तो तुमच्यासारखीच मांडतो. त्याच प्रकरणात ‘सर्वं मिथ्या ब्रवीमि’, म्हणजे ‘मी सगळे खोटेच बोलतो’, हे वाक्यही आहे. बोलणाऱ्याला त्या ‘सगळ्या’त हे वाक्य धरायचे नसते, धरले तर त्याला जे सांगायचे तेच कळणार नाही, असे भर्तृहरीचे म्हणणे. रोजच्या बोलण्यापुरते हे पटते. पण कोणी मुद्दाम ‘हे वाक्यसुद्धा धरून’ असे जोडले, तर हे उत्तर अपुरे पडते. मूळ श्लोक पाहायचे असतील तर अभ्यंकर-लिमये यांनी संपादित केलेली, पुणे विद्यापीठाची १९६५ची आवृत्ती पाहा.