कंपन्या आल्या की शहर आपोआप सगळ्यांचं होतं का?

नाही होत. तुम्ही विचारलंय की उद्योग आले की रोजगार येतोच, मग नियोजनात गरिबांसाठी जागा राखायचा आग्रह कशाला? मी घणसोलीत राहतो, म्हणून नवी मुंबईचंच सांगतो.

मुंबईतला घाऊक बाजार वाशीला आला, तेव्हा बाजारासोबत माथाडी कामगारांची घरंही कोपरखैरणे, घणसोली, नेरूळ भागात उभी राहिली. घरं लहान होती, पण गोण्या वाहणारा माणूस कामाच्या जवळ राहू शकला. पुढे ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे बरेच रासायनिक कारखाने बंद झाले आणि ऐरोली, महापे पट्ट्यात आयटी पार्क आले. तिथल्या इंजिनिअरसाठी टॉवर झाले. त्याच इमारतीत झाडलोट करणाऱ्या ताई, गेटवरचा वॉचमन, कँटीनमधला पोरगा कुठे राहणार, याचा हिशेब कुणी मांडलाच नाही. ही माणसं दिघा, इलठणपाडा, तुर्भे स्टोअर इथल्या झोपड्यांत गेली, नाहीतर गावठाणात, म्हणजे इथल्या मूळ गावांच्या जुन्या वस्तीत, भाड्याने राहिली.

गावठाणाचं जरा सविस्तर सांगायला हवं. १९७० साली हे शहर वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनी या शहरासाठी घ्यायचं ठरलं. मोबदल्यासाठी शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा झाला, १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी गेले, तेव्हा कुठे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना मिळाली. दरम्यान कुटुंबं वाढली, गावठाण वाढवून मिळालं नाही, म्हणून घरांवर मजले चढले. सरकारदरबारी ही बांधकामं अनधिकृत. पण कमी पगारात परवडणारी खोली या शहरात मुख्यतः इथेच मिळते. म्हणजे शहराने न केलेलं काम जमीन गेलेल्या आगरी-कोळी कुटुंबांनी केलं, आणि पाडकामाची नोटीसही त्यांनाच येते. भाडेकरूच्या नावाने तर तीही येत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं.

खरं तर मूळ कल्पना उलटी होती. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया आणि प्रविणा मेहता, तसंच अभियंता शिरीष पटेल यांनी १९६० च्या दशकात हे शहर सुचवलं, तेव्हा जमीन सार्वजनिक मालकीची ठेवायची आणि तिच्या वाढत्या किमतीतून शहराच्या सोयी आणि सामान्यांची घरं उभी करायची, असा विचार होता. उद्योगाला त्यांचा विरोध नव्हताच. पण भूखंड सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याला जायला लागला, की ती बोली फ्लॅटच्या किमतीत उतरते आणि महिना पंधरा-वीस हजार कमावणारा बाहेर पडतो.

आता विमानतळही सुरू झालाय. तिथले लोडर, सफाई कामगार, ड्रायव्हर उलवे-पनवेल भागात कुठल्या भाड्यात राहणार? तुमच्या शहराच्या विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवतील, तेव्हा हाच प्रश्न लेखी विचारा: या प्रकल्पात सर्वांत कमी पगारावर किती माणसं लागणार, आणि त्यांच्या घरांसाठी कुठला भूखंड राखलाय? सुनावणीलाही जा.