सोनोग्राफीत पित्ताशयातला खडा आणि पॉलिप (पित्ताशयाच्या आतल्या भिंतीवरची छोटी वाढ) वेगळे कसे ओळखतात?

बहुतेक वेळा साध्या सोनोग्राफीवरच हे दोन्ही वेगळे ओळखता येतात आणि त्यासाठी मुख्यतः सावली व हालचाल पाहिली जाते. खडा ध्वनिलहरी अडवतो, त्यामुळे पडद्यावर त्याच्या पांढऱ्या ठिपक्यामागे काळा पट्टा उमटतो. शिवाय रुग्णाने कूस बदलली की तो पित्तात घरंगळून जागा बदलतो. पॉलिप मात्र भिंतीलाच चिकटलेला असल्याने जागचा हलत नाही आणि त्याच्यामागे सहसा सावलीही पडत नाही. म्हणूनच तपासताना डाव्या कुशीवर वळायला सांगतात. ही पायरी घाईतही गाळली जाऊ नये. सीटी स्कॅन महागडा म्हणून अधिक खात्रीचा, हा समज इथे चुकीचा आहे, कारण कित्येक खड्यांची घनता पित्ताइतकीच असल्याने ते सीटीत दिसतच नाहीत. मात्र पित्ताशयाच्या मानेत अडकलेला खडा हलत नाही आणि २-३ मिलिमीटरच्या बारीक खड्याची सावली पडेलच असे नाही. अशा वेळी उपाशीपोटी पुन्हा सोनोग्राफी करणे योग्य. अहवालात १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठा पॉलिप लिहिला असेल, तर कर्करोगाची शक्यता लक्षात घेऊन शल्यविशारदांना लवकर दाखवावे.