खाणीतली हॉर्टा खरंच असू शकते का?

प्रश्न: लहानपणी दूरदर्शनवर स्टार ट्रेक बघायचो. त्यातला खाणीतल्या दगडासारख्या प्राण्याचा भाग परवा परत बघितला. तेव्हा जाम घाबरलो होतो, आता शेवटाकडे डोळ्यात पाणीच आलं. असा सिलिकॉनचा जीव खरंच असू शकतो का? आणि नववीतल्या मुलीला दाखवू का, की तो रबरी प्राणी बघून ती हसेल?
– एक वाचक, सांगली

उत्तर: तुम्ही म्हणताय तो भाग म्हणजे ‘द डेव्हिल इन द डार्क’ आणि त्यातला तो दगडासारखा प्राणी म्हणजे हॉर्टा. हा भाग ९ मार्च १९६७ ला अमेरिकेत एनबीसीवर पहिल्यांदा लागला, लेखक जीन कून. डोळ्यात पाणी आलं त्यात नवल काहीच नाही, माझंही दरवेळी तेच होतं.

आधी विज्ञान बघू. कार्बनसारखेच सिलिकॉनलाही चार हात, म्हणजे तो चार अणूंशी बंध जोडू शकतो, म्हणून ही कल्पना सुचते आणि ती अगदीच हवेतली नाही. पण कार्बन जळला की कार्बन डायऑक्साईड वायू होतो आणि आपण तो श्वासातून सहज बाहेर टाकतो, सिलिकॉनला ऑक्सिजन मिळाला की होते वाळू, गारगोटी, म्हणजे घट्ट दगडच, तो शरीराबाहेर टाकायचा कसा? शिवाय सिलिकॉनच्या लांब साखळ्या कार्बनइतक्या टिकत नाहीत. पृथ्वीच्या कवचात वजनाने साधारण २८ टक्के सिलिकॉन आहे, कार्बन त्यापुढे किरकोळ, तरी इथली सगळी जीवसृष्टी कार्बनवरच उभी राहिली, यातच बरंच उत्तर आलं. डायटम नावाचं शेवाळ सिलिकाचं कवच करतं पण आतला जीव कार्बनचाच. मात्र २०१६ मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेच्या फ्रान्सिस अरनॉल्ड यांच्या टीमने आइसलँडच्या गरम झऱ्यातल्या जिवाणूचं एक प्रथिन घेतलं, त्यात बदल केले आणि त्याच्याकडून चक्क कार्बन-सिलिकॉन बंध जोडून घेतला! त्यामुळे हॉर्टा आपल्यासारख्या ग्रहावर जवळपास अशक्य, पण रसायनशास्त्राने दार पूर्ण बंद केलेलं नाही.

आता माझ्या मते खरी ताकद कुठे आहे ते सांगतो. हॉर्टामुळे पन्नासेक खाणकामगार मेलेत, सगळे सूड घ्यायला निघालेत, आणि मग कळतं की ते ज्यांना बिनकामाचे गोळे समजून फोडत होते ती तिची अंडी होती. पहिल्यांदा बघताना लक्षात येत नाही अशी एक गोष्ट म्हणजे यानाचा कॅप्टन कर्क आणि त्याचा मित्र व अधिकारी स्पॉक यांच्या भूमिकांची अदलाबदल. सुरुवातीला स्पॉक म्हणतो हिला मारू नका, कर्क म्हणतो मारायचीच, पण कर्क एकटा तिच्यासमोर सापडतो तेव्हा तोच स्पॉक मित्राच्या काळजीने ओरडतो की मारून टाक, आणि कर्क मात्र हत्यार रोखून धरतो, कारण ती हल्ला करत नाहीये हे त्याला समोर दिसतंय. हा प्रसंग मला पूर्ण मालिकेत सगळ्यात जास्त आवडतो. खटकणारी गोष्टही आहेच, अख्ख्या भागात एकही बाई बोलत नाही, खाणीत सगळे पुरुष, आई काय ती फक्त हॉर्टा.

मुलीला जरूर दाखवा. त्या रबरी प्राण्याच्या आत यानोस प्रोहास्का नावाचा माणूस जमिनीवर सरपटतोय हे तिला कळेलच, हसली तर हसू दे, स्पॉक हॉर्टाच्या मनाशी मन जोडून वेदनेने ओरडतो तिथे ती गप्प होईल असं मला मनापासून वाटतं. फक्त अंड्यांचं आधी सांगू नका. खाणीच्या मॅनेजरच्या टेबलावर तसला एक गोळा आधीपासूनच ठेवलेला आहे, तो तिच्या नजरेत येतो का बघा.