मैत्रीतून जन्मलेली एखादी आधुनिक व्हायोला-पियानो सोनाटा सांगाल का? ती कशी ऐकावी?

सोव्हिएत रशियातला संगीतकार शोस्ताकोविच याची ऐका. ओपस (रचनाक्रमांक) १४७, साल १९७५. सोनाटा म्हणजे एक-दोन वाद्यांसाठी, काही भागांत लिहिलेली रचना. मी स्वतः व्हायोला, म्हणजे व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं आणि खोल आवाजाचं वाद्य, वाजवते, आणि हा प्रश्न कुणी विचारला की माझ्या तोंडी आधी हेच नाव येतं.

फ्योदोर द्रुझिनिन हा मॉस्कोचा व्हायोलावादक. शोस्ताकोविचची बहुतेक चतुष्कं (चार तंतुवाद्यांसाठीच्या रचना) बेटहोवन क्वार्टेट या ज्या चार वादकांच्या गटाने पहिल्यांदा वाजवली, त्यात तो १९६४ पासून होता. म्हणजे दहा-अकरा वर्षं नव्या रचनांच्या तालमींना दोघं एकत्र. त्या वर्षांत शोस्ताकोविचनं आपल्या चतुष्कांत ऐकलेली व्हायोला म्हणजे मुख्यतः याचाच हात. जुलै १९७५ मध्ये त्यानं द्रुझिनिनला फोन करून सांगितलं की सोनाटा लिहायची आहे, आणि वाद्याबद्दल बारीक शंका विचारल्या. उदाहरणार्थ, दोन तारांवर एकदम, मध्यमाच्या (सा ते म) अंतराचे जोडसूर ओळीनं वाजवता येतील का? तेव्हा शोस्ताकोविच फार आजारी होता. उजवा हात वर्षानुवर्षं नीट चालत नव्हता, लिहिणंसुद्धा कष्टाचं. तरी काही दिवसांतच रचना पूर्ण झाली. प्रत द्रुझिनिनच्या हाती पडली तेव्हा अर्पणाच्या जागी त्याचंच नाव होतं. ९ ऑगस्टला शोस्ताकोविच गेला. त्याला ती ऐकायला मिळालीच नाही.

२५ सप्टेंबरला, म्हणजे त्याच्या जन्मदिवशी, द्रुझिनिन आणि पियानोवादक मिखाईल मुंत्यान यांनी ती त्याच्याच घरी वाजवली. जाहीर कार्यक्रम १ ऑक्टोबरला लेनिनग्राडमध्ये झाला.

आता कशी ऐकायची ते. सुरुवात नीट ऐका, कारण माझ्या मते सगळी मैत्री तिथंच आहे. पियानो गप्प असतो. व्हायोला एकटी, गज न लावता, बोटानं छेडलेली. सूर पंचमाच्या (सा ते प) अंतरानं वर चढतात. या वाद्याच्या मोकळ्या ताराच पंचमाच्या अंतरानं लावलेल्या असतात, त्यामुळे वाद्य हातात घेऊन तारा जुळल्यात का बघताना जे सूर निघतात, जवळजवळ तेच. मी हे पहिल्यांदा वाजवलं तेव्हा डाव्या हाताला फारसं कामच नाही हे लक्षात आलं, आणि अंगावर काटा आला. मित्राच्या वाद्याला आधी त्याच्या स्वतःच्या आवाजात बोलू दिलंय, पियानो मागून येतो.

मधला भाग खट्याळ, नाचरा आहे. त्यातलं बरंच संगीत गोगोलच्या 'जुगारी' नाटकावरच्या, १९४२ मध्ये अर्धवट सोडलेल्या ऑपेरातून आलंय. तो सहज ऐकून होतो.

तिसऱ्या भागाला मात्र वेळ द्या. बेटहोवनच्या 'मूनलाइट' या प्रसिद्ध पियानो सोनाटाच्या सुरुवातीची ती सावकाश लाट यात पुन्हा पुन्हा डोकावते, कधी पियानोत, कधी व्हायोलात, पण पूर्ण कधीच होत नाही. शोस्ताकोविचनं द्रुझिनिनला सांगितलं होतं की हा भाग बेटहोवनच्या स्मरणार्थ आहे, पण त्याचं दडपण घेऊ नकोस, संगीत उजळ आणि स्वच्छ आहे. शेवटच्या सी मेजर या स्वरमेळात आवाज विरत जातो तेव्हा मला ते पटतं.

द्रुझिनिन-मुंत्यान यांचं ध्वनिमुद्रण आधी ऐका. मग व्हायोलावादक युरी बाश्मेत आणि पियानोवादक रिख्तर यांचं. बाश्मेत हा द्रुझिनिनचाच विद्यार्थी. हेडफोन लावा, नाहीतर ते पहिले छेडलेले सूर हातचे जातील.